पाचवी होडी

यूस्ट बेट, ऑक्टोबर

प्रिय गेर्डाताई,

सादर नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. येथील समुद्राची हवा मला मानवते आणि जेवणही वेळेवर मिळते. तुझा गुडघा आता कसा आहे?

काल चहानंतर आरोग्यधामातील मंडळींनी मला एका पटखेळात ओढले. सर्वांनी मिळून पाच होड्या धुक्यातून बंदरात आणायच्या. जिंकलो तर सारे, हरलो तर सारे. एक होडी मागे सोडण्याची मुभा असते. पांढऱ्या होडीचा दिवा विझत आला, तेव्हा मला ती सोडवेना.

"प्राध्यापक, सोडा हो तिला," निवृत्त मच्छीमार फ्रेरिक्स म्हणाले. "बाकीच्या चार सुखरूप पोचतील."

"मी सोडणार नाही." माझा आवाज चढला असावा.

"अहो फ्रेरिक्स, त्यांची बायको मार्चमध्ये गेली," आमच्यासोबत खेळणाऱ्या टीट्येनबाई खेकसल्या. "काय बोलताय?"

थोड्या वेळाने तोडगा फ्रेरिक्स यांनीच सुचवला. उरलेल्या होड्या साखळीसारख्या उभ्या करून प्रत्येकीच्या दिव्यातले थोडे तेल पांढरीपर्यंत पोचवायचे. सर्वांनी आपले तेल दिले. बंदर एकच घर उरले असताना धुक्याने सारा पट व्यापला आणि पाचही होड्या बुडाल्या.

"बुडालो सगळे," फ्रेरिक्स म्हणाले. "आता कसलं अहो-जाहो? मला हिन्रिक म्हण."

ताई, इल्झे गेल्यापासून मी एकटाच हरत आलो होतो. काल सोबतीला माणसे होती. खोलीवर आल्यावर मला रडू आले. काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ,
आल्ब्रेख्त