अकराशे चार दोरे

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

आधी या वहीची माफी मागते. चौदा महिने एक अक्षर लिहिलं नाही. आमच्या दैनिकाची अमरावती आवृत्ती बंद झाली, बावीस वर्षांची मुद्रितशोधकाची नोकरी गेली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका सुधारणाऱ्या बाईला स्वतःबद्दल लिहायला काही उरलं नाही, असं मी मनाशी म्हणत आले. ते पूर्ण खरं नाही. पण आज तो विषय नको. आज मन प्रसन्न आहे.

नागपुरात येऊन आठ दिवस झाले. महालात यमुताईंकडे वरची खोली मिळाली. खिडकीत सकाळी नऊपर्यंत ऊन असतं, खाली संत्र्यांची हातगाडी. यमुताई सत्तरीच्या, एकट्या. त्यांना भाडेकरूपेक्षा श्रोता हवा होता. मला शिरा आवडतो की सांजा, हे त्यांनी भाडं ठरवायच्या आधी विचारलं.

आणि काम मिळालं! त्यांच्याच ओळखीनं. तांडापेठेत एका कोष्टी घरी रोज दुपारी दोन ते पाच वाचून दाखवायचं. घरातला मुलगा भूपेश कोराडीच्या वीज केंद्रात आहे, तो आज भेटून गेला. आई वच्छलाबाई, त्यांना वाचता येत नाही. काय वाचायचं म्हणून विचारलं तर चाचरत म्हणाला, ‘‘घरचेच कागद आहेत मॅडम. मले आईसमोर वाचता येत नाही.’’ अट एकच: एकही ओळ सोडायची नाही. मला हसू आलं. बावीस वर्षं मी कुणाला स्वल्पविरामसुद्धा सोडू दिला नव्हता.

सोमवार, १२ जानेवारी

आज गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. पुढच्या खोलीत हातमाग, त्याच्या पलीकडे खाटेवर वच्छलाबाईंची मुलगी बसलेली. रोशनी. वय तेवीस.

आडनाव ऐकलं आणि मी ओळखलं. देशात तिला कोण ओळखत नाही? चौदा महिन्यांपूर्वी महिलांच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, शेवटचा चेंडू. फलंदाज पुढे गेलेली आणि चेंडू यष्टिरक्षक रोशनीच्या हातमोज्यांतून निसटला. यष्टिचीत राहिलंच, वर बायच्या चार धावा. संघ हरला. त्यानंतर लोक समाजमाध्यमांवर तिच्या खात्यावर तुटून पडले. ती रात्रभर फोन पाहत होती म्हणे. सकाळी तिच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या, त्या आजतागायत मिटलेल्या आहेत. हाडं, नसा सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, हा मनाला बसलेला धक्का आहे, औषध आणि समुपदेशन चालू ठेवा, धीर धरा. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आई मुठींत मऊ कापड सारून ठेवते. भरवतेही तीच. रोशनी बोलत नाही. माझ्याकडे पाहून मात्र मान हलवली.

‘घरचे कागद’ म्हणजे तेच. तक्रार करायची म्हणून भूपेशनं चार दिवसांतल्या जमतील तेवढ्या प्रतिक्रिया छापून फाइल केली होती. ब्याण्णव पानं, पानावर बारा ओळी. तक्रार पुढे सरकली नाही. फाइल उरली.

‘‘आधी च्या घ्या बाई,’’ वच्छलाबाई म्हणाल्या, ‘‘वाचाले बसल्यावर घशाखाली नाही उतरणार.’’

आता लिहितेच. मीही लिहिलं होतं. एकच ओळ. नोकरी जाऊन तिसरा दिवस, घरात एकटी, टीव्हीसमोर. ‘निर्भीड वाचक’ या खोट्या नावानं. त्यात शिवी नव्हती. पाठवल्यावर एक अनुस्वार राहिलेला दिसला, तो मी परत जाऊन दुरुस्त केला. त्या मुलीच्या अंगावर भिरकावलेला दगड मी आधी पुसून घेतला.

लाखो लोकांनी लिहिलं होतं. माझी ओळ फाइलीत असेलच असं नाही. काम सोडायला हवं होतं का? प्रायश्चित्त म्हणून थांबले, की शोधायला? ठरवता येत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. वच्छलाबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला आणि फाइल उघडून पुढे केली.

पद्धत अशी. मागावर फणी असते, मोठ्या कंगव्यासारखी. तिच्या प्रत्येक फटीला ही माणसं घर म्हणतात. विणायच्या आधी ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक दोरा एकेका घरातून ओवून घ्यावा लागतो. मी नाव आणि ओळ मोठ्यानं वाचायची. वच्छलाबाई ऐकतात, एक दोरा उचलतात, पुढच्या घरातून ओढतात. मग पुढची ओळ. फाइलीत ओळी अकराशे चार. त्यांनी नवऱ्याच्या वेळच्या फणीची तितकीच घरं मोकळी ठेवली आहेत, दोरेही तितकेच मोजून घेतले आहेत.

हे काहून, असं मी त्यांच्याच शब्दात विचारलं.

‘‘नुसतं वाचलं तर हवेत जाते न बाई. घर द्यावं लागते.’’

‘माग चालव, मैदान सोड.’ दोरा. ‘हिचे हात तोडा.’ दोरा. ‘किती खाल्ले?’ दोरा. काही ओळी वाचताना माझी मान वर होत नव्हती. भूपेशला हे आईसमोर का वाचता येत नाही ते कळलं. रोशनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला दुसरीकडे बसवू का विचारलं, तर वच्छलाबाई म्हणाल्या, ‘‘तिनं एकटीनं वाचलं सारं. आता आमी संग आहो.’’

पासष्ट ओळी झाल्या. माझी नव्हती.

सोमवार, १९ जानेवारी

भूपेश आज लवकर घरी होता आणि हसत होता. कन्हानचा एक क्रिकेट शिकवणारा माणूस आहे, संजीव नावाचा. स्वतःच्या खऱ्या नावानं त्यानं चाळीसेक ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या दोन दिवसांत त्या वाचून झाल्या. शनिवारी सकाळी त्याचा उजवा हात मिटला. उघडतच नाही. मनगटाला चमचा बांधून जेवतो म्हणे. भूपेशच्या ओळखीचा एक जण त्याला दवाखान्यात घेऊन गेला होता. हाताचा एक्स-रे काढला, सगळं ठीक.

‘‘आता बॅट कशी पकडते पाहू न तो!’’ भूपेश म्हणाला. वच्छलाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मी शाप नाही देऊन राहिली. ज्याचं हाये त्याले वापस करून राहिली.’’

आणि रोशनीच्या डाव्या हाताची करंगळी उघडली आहे. मी पाहिली. सरळ, फिकट, नव्यानं उगवल्यासारखी.

प्रामाणिकपणे लिहायचं तर मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, आनंद झाला. त्यानंतरच्या ओळी मी ठासून वाचल्या, नावं तर दोनदा. ‘नागपुरी वाघ’, घे. ‘क्रिकेटवेडा अजय’, घे. पाच वाजले तरी थांबावंसं वाटेना. परत येताना मनात हिशेब चालला होता, उद्या कुणाकुणाचे हात मिटणार. असा आनंद मला शोभतो का? आणि शोभत नाही म्हणून तो कमी झाला का? नाही.

शनिवार, २४ जानेवारी

काल बँकेत रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. पस्तिशीची, कडेवर मूल. उजवी मूठ मिटलेली. सहीच्या जागी अंगठा लावा म्हणाले तर तिला अंगठा बाहेर काढता येईना. ती रडकुंडीला आली होती. मग बाकावर बसून फोन काढला आणि बोटाच्या सांध्यानं पडद्यावर टिचकी मारत काहीतरी वाचत राहिली.

तिची ओळ कुठली होती? मी वाचताना कुठला आवाज काढला होता?

वच्छलाबाईंना सांगितलं. लेकरू होतं कडेवर, असंही सांगितलं. त्या दोऱ्याला पीळ देत होत्या. ‘‘माझं बी लेकरूच हाये बाई,’’ इतकंच म्हणाल्या.

रोशनीची डाव्या हाताची पाचही बोटं उघडली. आज तिनं स्वतः पेला धरला. सांडलं, पण धरला. आईनं पदर तोंडाला लावला.

पान बेचाळीस झालं. रोज घरी आल्यावर मी उजवा हात उघडून पाहते.

शुक्रवार, ३० जानेवारी

पान एकाहत्तर. ओळ नववी. निर्भीड वाचक. खाली बारीक अक्षरात ‘दुरुस्त केलेली’.

आठवी वाचली. दोरा गेला. नंतर —

दहावी वाचली.

वच्छलाबाईंनी दोरा उचलला, घरातून ओढला. काही कळलं नाही त्यांना. त्यांचा विश्वास आहे. परवाच यमुताईंना सांगत होत्या, बाईच्या वाचण्यात खोट नाही.

पान उलटलं. रोशनी माझ्याकडे पाहत होती. भिंतीकडे नाही. माझ्याकडे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

संपलं. शेवटची ओळ वाचली, दोरा ओढला.

एक दोरा उरला. फणीत एक घर रिकामं.

वच्छलाबाईंनी मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना ओठ हलत होते. दोरे अकराशे चारच घेतले होते म्हणाल्या, माझं मोजणं आजवर चुकलं नाही. मी म्हणाले, भूपेशचीच मोजणी चुकली असेल, एक ओळ कमी असेल.

मी असं म्हणाले. हे इथे लिहून ठेवते.

भूपेशनं फाइल मोजली. ब्याण्णव पानं, पानावर बारा. बरोबर आहे, तो म्हणाला, एक ओळ कुठंतरी राहिली. तो माझ्याकडे संशयानं पाहत नव्हता. तेच सहन होईना.

रोशनीची नऊ बोटं मोकळी. उजवा अंगठा आत. तिनं भावाचा जुना चेंडू हातात घेतला, चार बोटांत. अंगठ्याशिवाय पकडता येत नाही. घरंगळला. तिनं वाकून उचलला. परत घरंगळला. परत उचलला.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा चेंडू हातात घेतला म्हणे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज वाचन नव्हतं तरी गेले. सांगायचं ठरवून गेले. दारातच वच्छलाबाई म्हणाल्या, सापडलं.

कुणाची ओळ राहिली ते सापडलं. त्यांची स्वतःची. सामना संपल्यावर रोशनीनं घरी फोन केला होता. सगळ्यांत आधी आईला. आणि आई रागात बोलून गेली, ‘‘एवढं बी नाही जमलं का वं तुले?’’ बस, एवढंच. फोन ठेवला. नंतर लेक रात्रभर लोकांचं वाचत बसली.

‘‘तुमी तं एक बी ओळ सोडली नाही, मंग राहिलं ते फायलीबाहेरचंच. ते लिवलेलं नव्हतं म्हणून फायलीत नाही आलं. पण पहिलं तेच हाये बाई. ते घर माझंच.’’

उद्या दुपारी दोनला त्या स्वतःच्या नावानं दोरा ओढणार. स्वतःच बोलून.

मी म्हणाले, नको. हात गेले तर माग? रोशनीला कोण भरवणार? त्या म्हणाल्या, तिचे हात मोकळे होतीन न, ती मले भरवन. हसल्या. तिळगूळ देताना हसल्या होत्या तशाच.

आणि मी — मी चहा घेऊन परत आले. सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या, तुमच्यामुळं झालं सारं.

बसमध्ये, जिन्यावर एकच विचार. तो अंगठा माझ्या ओळीनं धरलाय. आईच्या दोऱ्यानं तो सुटणार नाही. हात आईचे जातील आणि मुलगी तशीच. दोघी तशा, एका घरात. मी वर, उन्हाच्या खोलीत.

गेले तीन आठवडे मी लोकांचे हात मिटवत होते. ठासून. नावं दोनदा.

तीच ओळ. कुठेच लिहिली नाही अजून. इथे लिहिते —

‘अशी मुलगी आमच्या घरात असती, तर आम्ही तिला मैदानातून परत घरी येऊ दिलं नसतं.’

आजही शुद्ध आहे. एक चूक नाही.

लिहिताना अंगठा — पेन तर्जनीत आणि मधल्या बोटात धरलंय. अंगठा आत वळतोय. अजून वाचलीही नाही. मोठ्यानं नाही. बाहेर काढला डाव्या हातानं. परत —

यमुताईंना हाक मारू का — काय सांगू —

डाव्यानं लिहितेय. अक्षर वाईट. असू दे.

उद्याचं काम. दोनच्या आत पोचणे, त्यांनी दोरा उचलायच्या आधी. पान ७१, ओळ ९, माझ्या खऱ्या नावासकट, मोठ्यानं वा