भावोजींच्या गुडघ्याने केलेले ढग

ती. ताई,

वाकून नमस्कार. (खरं तर खुर्चीत बसूनच लिहितोय, पण मनाने वाकलोय.) तुझी सर्दी गेली असेल, भाचीचे पेपर बरे गेले असतील आणि घरात शांतता असेल असं धरून चालतो. शांतता असणारच, कारण भावोजी इथे आहेत.

चार दिवस हवापालटाला येतात असं तू कळवलं होतंस, त्याला महिना होत आला. त्यांची प्रकृती उत्तम आहे. काळजी माझी कर. माझं काम तुला कुणाला नीट सांगता येत नाही (शेजारणीला तू मला जंगलातला मोठा साहेब केलंयस), म्हणून पुन्हा लिहितो. झाडं उन्हात आपला वास हवेत सोडतात. हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की त्या वासाचे डोळ्यांना न दिसणारे कण होतात. हे कण थोडं ऊन परतवतात, शिवाय त्यांच्यावर पाणी धरून ढगांचे थेंब बनतात. म्हणजे जंगल आपल्या डोक्यावर आपणच छत्री धरतं. ते मोजायला इथे उंच लोखंडी मनोरा आहे, वर हवा ओढणारी नळी आहे, आणि त्या नळीजवळ परका वास फिरकू न देणं ही माझी नोकरी. मी बिनवासाचा साबण लावतो, डोक्याला तेल लावत नाही (केस त्यानेच गेले असं माझं मत आहे), संत्रं खायचं तर फाटकाबाहेर जातो.

आता भावोजींचा गुडघा. त्याला पाण्याची बादली झेपत नाही, बाजारात जाववत नाही, पण मनोऱ्याच्या जिन्याबद्दल त्याची काही तक्रार नाही. दुपारचा चहा झाला की मी केबिनमध्ये आकडे बघत बसतो, आणि हे गुपचूप वर जाऊन, वारा छान लागतो म्हणून नेमके नळीखाली बसून, पायजमा वर करून, तू दिलेलं कापूर-निलगिरीचं तेल चोळतात. नळीखालच्या यंत्राला बिचाऱ्याला गुडघा कुठे दिसतोय, तेलाचा वासही झाडांचाच, त्याला वाटलं जंगलालाच जोर चढला.

आमच्या प्रमुख मॅडमना (बोलतात कमी, बघतात जास्त) रोज चहानंतर आलेखात टेकाड दिसू लागलं. जंगल तहानलं की असला वास सोडत असावं, असा त्यांनी अंदाज बांधला, हरखून मुख्य कार्यालयाला कळवलं, आणि तिकडून दोन बडे शास्त्रज्ञ निघाले. काल मॅडम स्वतः वर चढल्या, मागोमाग मी. वर जंगल मांडी उघडी टाकून बसलं होतं. "या, बसा. एवढं चढून तुमचेही गुडघे दुखत असतील," असं म्हणून भावोजींनी बाटली पुढे केली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं, पण धरणी फार खाली होती.

पाहुणे कोणाचे, असं मॅडमनी विचारलं. मी ताईचे म्हणून सांगितलं. (रागावू नकोस, घाबरलो होतो.) शास्त्रज्ञ येऊन गेले की माझं काय करायचं ते ठरणार आहे. ताई, मला दुसरं काही येत नाही. बिनवासाचा माणूस म्हणून या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार? जेवणही गोड लागत नाही.

बाकी सगळं ठीक. भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे, की तुला चक्कर येते असं उलट टपाली कळव आणि भावोजींना बोलावून घे.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. वरचं मनातल्या मनात खोड. शास्त्रज्ञ येऊन गेले. ओळखीचा वास ठरलेल्या वेळी सोडला की यंत्र बरोबर चालतंय का ते ताडून बघता येतं, असं मॅडमनी त्यांना न अडखळता सांगितलं. त्यांना ते इतकं पटलं, की वर्षभर हे चालू ठेवायचंय. जोवर भावोजी चोळतायत तोवर माझी नोकरी पक्की. तेव्हा चक्कर राहू दे, तेल पाठव.

शेवटचं ता. क. भावोजी आत्ता मनोऱ्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आले. गुडघा साफ बरा झाला म्हणतात, पुढच्या आठवड्यात निघतायत. ताई, तुझ्या पाया पडतो. घर रंगवायला काढलंय आणि शिडी धरायला माणूस हवाय असं पत्र मिळताच त्यांना फोन करून सांग. गुडघा आपोआप दुखायला लागेल.