एकतिसाव्या वर्षी शहाणी

वयाने मोठ्या, मनाने त्याहून मोठ्या आणि हट्टापुढे (राग मानू नकोस) कुणाचंच न ऐकणाऱ्या माझ्या ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे कंबर वाकते तितकाच.

तू बरी आहेस ना? भाऊजींचा खोकला गेला का? आणि तुझ्या पायाच्या अंगठ्याची जखम? दोन महिने झाले तरी ती भरत नाही, शिवाय तू रात्री सारखी पाणी प्यायला उठतेस, असं भाऊजी काळजीने सांगत होते. मी फोनवर तपासणीचं नाव काढलं की तू "साखर डब्यात असते" म्हणून फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच ठेवता येतं म्हणा, पण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय तुला चैन पडत नाही हे मला ठाऊक आहे.

तर गेल्या आठवड्यात मी नेहमीच्या मधुमेहाच्या तपासणीला गेले होते. आमचे हे सोबत होते (सोबत म्हणजे चुगली करायला). आधी एका वयस्कर नर्सबाईंनी माझी कंबर मोजली. मी पोट आत ओढून धरलं, बाई टेप घेऊन शांतपणे थांबल्या, आणि शेवटी मला श्वास सोडावाच लागला. मग त्यांनी माप घेतलं. मला राग येण्याचं कारण नव्हतं, कारण माझ्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकं पोट ओढतात तेव्हा मीही अशीच थांबते. पण आला. त्यात ह्यांनी, कुणी विचारलेलं नसताना, मी शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांच्या मागे बिस्किटं लपवते हे डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्यांनी माझी बिनपाण्याने केली. मी खालमानेने ऐकून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन ह्यांच्यापासून जमेल तितकं लांब बसले.

एवढ्यात त्याच नर्सबाई कागद घेऊन आल्या. तिथे मधुमेही बायकांचा काहीतरी अभ्यास चाललाय, त्यासाठी काही विचारायचं होतं. वय, वजन, पहिलं मूल कधी झालं (तेविसाव्या वर्षी, मी सांगितलं), सगळं खणखणीत आवाजात विचारून झालं. मग त्यांनी ह्यांच्याकडे एकदा बघितलं, आवाज अगदी खाली आणला आणि विचारलं, "तुम्ही शहाण्या कधी झालात?"

आता तूच सांग, ताजी ताजी बोलणी खाऊन आलेल्या बाईला हा प्रश्न कसा लागेल? मला वाटलं, बिस्किटांवरून टोमणा मारताहेत. मीही काही कमी नाही. म्हटलं, एकतिसाव्या वर्षी. (खरंच ना गं, त्याच वर्षी मी ह्यांनी घेतलेल्या मापावर विसंबून पुढच्या खोलीचे पडदे कापले आणि ते वीतभर आखूड झाले. तेव्हापासून ह्यांचं एकही माप मी स्वतः मोजल्याशिवाय धरत नाही.) आमचे हे बाकाच्या त्या टोकावरून म्हणाले, "अजून व्हायची आहे, पण आशा सोडलेली नाही." नर्सबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या कागद घेऊन तशाच आत गेल्या.

आणि मग जी काय धावपळ उडाली म्हणतेस! डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या, तिघी माझ्याकडे दुकानातल्या नव्या कापडासारखं बघायला लागल्या. मला आत नेलं. पहिलं मूल तेविसाव्या वर्षी आणि पाळी एकतिसाव्या, हे कसं काय, असं एकीने फार अदबीने विचारलं. मला कळेचना. नर्सबाईंचं 'शहाणी होणं' म्हणजे पाळी येणं, हे कळलं तेव्हा मी इतकी हसले की रक्तदाबाचा पट्टा परत बांधायला लागला. नर्सबाई सगळ्यांत जास्त हसल्या, डोळे पुसत म्हणाल्या की पुरुषमाणसासमोर दुसरा शब्द तोंडातून निघाला नाही.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी खरं वय विचारलं आणि मी तुझं नाव घेतलं. मी पाचवीत असताना, शाळा सुटल्यावर, तू तुझा स्वेटर माझ्या कंबरेला बांधलास आणि घरापर्यंत माझ्या मागे चिकटून चाललीस. मला भीती वाटलीच नाही, कारण तू सगळं आधीच समजावून ठेवलं होतंस. मी त्यांना हेही सांगितलं की तुला मात्र कुणीच काही सांगितलं नव्हतं. तू दहाचीसुद्धा पुरती नव्हतीस आणि आपण मरणार असं समजून गप्प राहिली होतीस. त्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पाळी फार लवकर आलेल्या बायकांमध्ये पुढे वजन, रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका जास्त दिसतो. जास्त दिसतो म्हणजे प्रत्येकीला होतंच असं नाही, पण लक्ष ठेवलेलं बरं. आणि वेळेवर कळलं तर सांभाळता येतं, माझंच उदाहरण दिलं (बिस्किटं वगळून). मग विचारलं, बहिणीची साखर तपासलीये का? डब्यातली साखर सांगायला मला लाज वाटली.

ताई, मला तुझी काळजी वाटते गं. तू तेव्हा एकटी गप्प राहिलीस ते राहिलीस. आता मी आहे ना.

तुझीच,
धाकटी

ता. क. डॉक्टरीणबाईंकडे आज सकाळची पहिली वेळ घेऊन ठेवली आहे. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं.

ता. क. २. दूध संपलंय असं भाऊजींनी तुला सांगितलं असेल. संपलेलं नाही, त्यांनी शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलंय. त्यांच्यावर चिडू नकोस, कल्पना माझी.

ता. क. ३. दार उघड. हे पत्र दाराखालून मीच सरकवलंय, मी बाहेर पायरीवर बसले आहे, आणि चहा मीही घेतलेला नाही.