गुडघ्यांना कान नसतात

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती, गल्लीत ‘खरखरकाका’ या नावाने ओळखला जाणारा, माझ्यामागे काय कोणाचे ते आज लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डावा कान थोडा कमी, पण कामापुरता पुरतो. माझ्या मानेवर बसून हे कोणी लिहून घेत नाही. वकीलबाई समोर आहेत, त्यांना घाई आहे, एवढाच काय तो दबाव. याआधी कागदावर मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी पुष्कळ केली, ती सगळी रद्द समजावीत.

कलम पहिले. राहते घर, मागची खोली सोडून, आणि बँकेतली शिल्लक माझ्या बायकोची. यात कोणी नाक खुपसू नये. भिंतीपलीकडून एकच गाणे अठरा-अठरा वेळा ऐकूनही तिने कधी मेन स्विच बंद केला नाही. एकदा केला होता, पण त्या दिवशी आमचेच चुकले होते.

कलम दुसरे. दुकान, मीटर आणि सगळी हत्यारे मुलीला. आज दुकान तीच चालवते, माझ्यापेक्षा बरे चालवते, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहितो. बंद स्पीकर आला की तो उघडण्याआधी वायर बघावी. दहातले सात वायरीतच मेलेले असतात.

कलम तिसरे. आमचा ड्रमवाला, ज्याला सगळे ‘धडाम’ म्हणतात, त्याला मी काही देत नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही मिळता कामा नये असे वकीलबाई म्हणतात. बारा वर्षांपूर्वी त्याने माझे ड्रिल मशीन “उद्या आणून देतो” म्हणून नेले. ते मी दिलेले नाही, त्याने नेलेले आहे, तेव्हा ते त्याच्याकडे राहायला कायद्याची हरकत नसावी.

कलम चौथे. वरच्या मजल्यावरचे मास्तरही साक्षीदार, त्यामुळे त्यांनाही काही नाही. इतकी वर्षे ते वरून काठी आपटत आले. खरे सांगायचे तर ठेक्यात आपटत. धडामपेक्षा जास्त ठेक्यात.

कलम पाचवे. मागची खोली, दोन मोठे स्पीकर, मिक्सर, माईक, स्टँड आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्यांसह, माझ्या धाकट्या बहिणीला.

हे वाचून घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. धाकटीने या खोलीत एकतीस वर्षांत पाय ठेवलेला नाही. पुढच्या खोलीत येते, चहा घेते, सगळ्यांची विचारपूस करते, पण मागच्या दाराकडे पाठ करून बसते. म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

आमचा बँड चौघांचा. मी गिटार, धडाम ड्रम, टपाल खात्यातला एक मित्र बास, आणि गायची धाकटी. सराव दर रविवारी याच खोलीत. खोली लावली मी. मी पडलो दुरुस्तीवाला, मला कोण शिकवणार? फळीवर माझ्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर चढवला. गाण्याचे दोन्ही स्पीकर उरलेल्या जागेत, कोपऱ्यात, जमिनीवर. मग माझ्या स्टुलावर बसून ऐकले. झकास! खोली लागली, असे मी जाहीर करून टाकले.

मी बसून वाजवायचो. धाकटी उभी राहून गायची. दर रविवारी ती म्हणायची, “दादा, तुझा आवाज थोडा कमी कर ना. मला माझंच गाणं ऐकू येत नाही.”

“मला येतंय की! तू जोर लाव.”

तिने जोर लावला. दोन वर्षे लावला. मग घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी आत बघून सांगितले, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, ताण देऊन देऊन. सहा महिने गाणे नाही आणि बोलणेही नाही. हे ती पाटीवर लिहून आम्हाला दाखवायला आली, त्याखाली तिने लिहिले होते, ‘खोलीत ऐकू येत नव्हतं.’ आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

तिला उत्तर देता येत नव्हते. बोलायचीच बंदी होती. तिने आपल्या माईकची वायर नीट गुंडाळली, स्टँडला अडकवली आणि गेली.

पाच वर्षांनी मी एका गिऱ्हाइकाच्या घरी सरावाची खोली लावायला गेलो. त्यांची गाणारी म्हणाली, मला माझा आवाज येत नाही. परकी होती, म्हणून मी ऐकून घेतले. तिच्या जागी उभा राहिलो, खरेच काही येईना. वायर उचलायला खाली वाकलो तर लख्ख ऐकू आले. त्यांचेही स्पीकर जमिनीवर होते, सगळे गाणे तिच्या गुडघ्यांवर आदळत होते. गुडघ्यांना कान नसतात. घरी येऊन धाकटीच्या जागेवर उभा राहिलो. फळीवरून माझी गिटार थेट कानात, आणि गाणे कुठेतरी पायाशी.

त्यानंतर चाळीसेक घरांतले स्पीकर मी वर उचलून दिले. माझ्या घरातले उचलले नाहीत. उचलले असते तर धडामने विचारले असते, आत्ताच का रे? चूक माझी होती. धाकटीची नव्हती. मला लाज वाटली, आणि लाज झाकायला मी सव्वीस वर्षे लावली.

कलम सहावे. खोली पुढीलप्रमाणे लावावी. माझा अ‍ॅम्प्लिफायर फळीवरून खाली. गाण्याचे स्पीकर स्टँडवर, उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीला. कोपऱ्यात सारू नयेत, नुसते गडगडतात. माईकची पाठ स्पीकरकडे असावी. तोंड केले की तो शिट्टी मारतो. आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाच्या जागेवर जाऊन ऐकावे. आपल्या स्टुलावर बसून दुसऱ्याचे ठरवू नये. धाकटीची जागा जमिनीवर पांढऱ्या पट्टीच्या फुलीने दाखवली आहे. फुली दोनदा उखडली, दोन्ही वेळा मी नवी चिकटवली.

इथवर झाल्यावर वकीलबाईंनी पेन खाली ठेवले.

“काका, हे त्यांना कळणार कधी?”

“मी गेल्यावर.”

“मग त्यांनी भांडायचं कुणाशी? फोटोशी?”

मी म्हटले, कागद आठवडाभर माझ्याकडे राहू द्या.

कलम सातवे. हे आज, रविवारी, मागच्या खोलीत बसून लिहीत आहे. मुलीने आणि मी स्पीकर स्टँडवर चढवले. धाकटीला फोन केला. ती आली. दारातच उभी राहून तिने कलम पाचवे दोनदा वाचले.

“एकतीस वर्षं, दादा,” ती म्हणाली. “मी समजत होते, माझ्या गळ्यातच खोट आहे.”

मी रडलो. दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. तिने माफ केले असे ती म्हणालेली नाही, आणि मी विचारलेही नाही. तिने चपला काढल्या, आत आली आणि फुलीवर उभी राहिली. धडामने मोजले, मी गिटार धरली, तिने दोन ओळी म्हटल्या. आवाज आता जाड झालाय, श्वास कमी पडतो. मध्येच तिने हात वर केला.

“दादा, तुझा आवाज थोडा कमी कर.”

माझ्या मते आवाज अगदी बेताचा होता. मी कमी केला.

सबब कलम पाचवे व सहावे आजपासूनच लागू समजावे. बाकीच्यांना माझ्या जाण्यापर्यंत दम धरावा लागेल.

सही: खरखरकाका

साक्षीदार पहिला: धडाम. (पाहिले व ऐकले. ड्रिल उद्या आणून देतो.)
साक्षीदार दुसरा: वरचे मास्तर. (काठी घरी ठेवून आलो.)

स्थळ: मागची खोली, पांढऱ्या फुलीपासून दोन पावलांवर
दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, सकाळचे साडेअकरा. सराव चालू.