माग्रिपाची रोटी तिला परत द्या

बातमा एजे, मी मेलो नाही. फोनवर आवाज बसेपर्यंत ओरडून सांगितलं, तरी तुम्ही दर शुक्रवारी माझ्या नावाने रोटी तळता ती तळताच. आता कागदावर सांगतो. मृत्युपत्र जिवंत माणसालाच करता येतं, असं आमच्या तळावरच्या स्वयंपाकीणबाई वेरा पेत्रोव्ना म्हणाल्या. म्हणून हे.

मी, एल्दियार, किमबातचा धाकटा मुलगा, बातमा एजे आणि जिरगल आवा यांचा धाकटा भाऊ, वय चोवीस, राहणार काराकोल, सध्या याकुत्स्कच्याही पुढे बर्फावरच्या रस्त्याच्या कामावर, लिहून ठेवतो की मी शुद्धीवर आहे, माझ्यावर कुणाचं दडपण नाही, आणि मी प्यायलेलो नाही. शेजारच्या पलंगावरच्या राखीमने तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे. शाळा मी सातवीत सोडली, तेव्हा अक्षराला हसू नये.

पहिलं, कोटाबद्दल. आमच्या तळावरच्या ट्रकवाल्या मिर्लानचा कोट फाटला होता म्हणून मी त्याला माझा दिला. त्याचा ट्रक नदीवरचा बर्फ फुटून खाली गेला आणि कोटाच्या खिशात माझा पासपोर्ट निघाला. ऑफिसने तुम्हाला माझं नाव कळवलं. त्या कोटावरचा माझा हक्क मी कायमचा सोडतो. मिर्लानला त्यातच पुरलंय.

वादळाने आठवडाभर फोन बंद होते. लागला तेव्हा तुम्ही उचलला आणि म्हणालात, "एल्दियार, खरं सांग बाळा, तिथे थंडी आहे का रे?"

मी म्हटलं, "खूप आहे, एजे."

तुम्ही रडायला लागलात. "रोटी पोचली का?"

मी म्हटलं, "पोचली."

इथेच सगळं बिघडलं. पण खोटं कसं बोलू? शुक्रवारी भर दुपारी, मैलोनमैल बर्फ आणि डिझेलशिवाय काही नसताना, मला आपल्या हॉटेलच्या कढईतल्या गरम तेलाचा वास आला होता. मेलेल्यांना वासच पोचतो, हे तुम्हीच शिकवलंत. मी वेराबाईंना विचारलं, काय तळताय? त्या म्हणाल्या, "तळतेय? कोबी उकडतेय मी! नाक धुऊन ये." तेव्हापासून तो वास दर शुक्रवारी येतो.

दुसरं, आणि मुख्य. हॉटेलचे तीन वाटे आहेत: एक एजेचा, एक जिरगल आवाचा, एक आईकडून आलेला माझा. मी मेलो तर माझा वाटा थोरल्या भावाकडे जातो, आणि आवा दोन वाट्यांच्या जोरावर हॉटेल राजधानीतल्या माणसाला विकणार. तो माणूस चार नंबरची खोली पाडून तिथे गाड्या लावणार आहे. म्हणून मी जिवंत असल्याचं जाहीर करून सांगतो, की माझ्यामागे माझा वाटा बातमा एजेचा. आवांना त्यातली एक वीटही नाही.

ते विचारतील, चार नंबरमध्ये आहे काय? आवा, तुम्ही तिथेच जन्मलात. कुरणावरच्या बायका घोड्यावरून उतरून बाळंतपणाला तिथेच यायच्या आणि बुरमाकान आजी हातातली झाडणी ठेवून बाह्या सरसावायची. आपल्या खोऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी पहिला श्वास त्या खोलीत घेतलाय. सोव्हिएत सरकार कोसळून पगार बंद झाले आणि हॉटेल आपल्या नावावर आलं, त्या वर्षांत आईने पाहुण्यांकडून बटाटे घेतले, आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायकांनी लोकर थापून केलेले नमदे हॉटेलच्या भिंतींवर टांगून विकून दिले. त्यावर त्या गावांत चुली पेटल्या. तुमचे बूटही त्यातलेच होते.

आणि माग्रिपा. ती तातार विधवा, जिने हे हॉटेल बांधलं. उर्कुनच्या साली झारचं सैन्य मागे लागलं आणि लोक जीव घेऊन डोंगराकडे पळत होते, तेव्हा तिने दार उघडं ठेवलं, आणि शालीत गुंडाळलेली, आई मेलेली एक पोर आत घेतली. ती पोर म्हणजे बुरमाकान आजी. पुढे सरकारने हॉटेल घेतलं, तर माग्रिपा आपल्याच हॉटेलात पगारावर झाडू मारत राहिली, पण गेली नाही.

मेल्यावरही गेली नाही. पाहुणे तक्रार करायचे, झोपेत कुणीतरी पांघरूण नीट करून जातं, काठीचा आवाज येतो. आवा चिडायचे, "या म्हातारीपायी गिऱ्हाईक टिकत नाही!" एजे म्हणायच्या, "त्याचे जास्तीचे पैसे घेत नाही ना आपण? मग?"

आता नीट ऐका, एजे. आपल्या घरी रोट्या सातच, आणि सातही हॉटेलातल्या, आता नसलेल्या बायकांच्या नावाने. माझं नाव घालायला तुम्ही कुणाचं काढलंत? फोनवर विचारलं तर म्हणालात, "सगळ्यात जुनीचं. ती तृप्त झाली असेल आता."

झाली नाही. ती इथे आलीय. आमच्या लाकडी खोपटात फळ्यांवर काठी वाजते. सकाळी उठतो तर माझं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, कडा आत खोचलेल्या, आईची पद्धत होती तशा. राखीम म्हणतो, "भावा, मी नाही खोचलं. मी माझ्या बायकोलासुद्धा कधी खोचलं नाही." ती रागावलेली वाटत नाही. पलंगाच्या पायाशी उभी राहते, दार बंद केलं तरी जात नाही. वाट विसरलेलं माणूस उभं राहतं तशी. तिला घरचा वास येतो तो माझ्या नावाचा, म्हणून ती माझ्यापाशी येते. इथे तिचं कुणी नाही, एजे. चार नंबर पडला तर तिथेही राहणार नाही.

म्हणून माझी शेवटची नव्हे, पहिली इच्छा: येत्या शुक्रवारी माझं नाव काढा. पीठ मळताना तिला नावाने हाक मारा, आणि चार नंबरचं दार उघडं ठेवा.

किरकोळ: माझी वेल्डिंगची टोपी राखीमला. आईची नमदे कापायची सुरी एजेकडेच राहू दे. माझं खोगीर जिरगल आवांना. ते मोडकं आहे, पण मोडलंयही त्यांनीच. मी खरंच मेलो तर इथल्या बर्फात ठेवू नका. इथे माती होत नाही माणसाची.

साक्षीदार: राखीम, वेल्डर, ताजिकिस्तान (वाचून दाखवलं, ऐकलं, हसला, मग हसला नाही). वेरा पेत्रोव्ना, स्वयंपाकीण. त्या सही करताना म्हणाल्या, "लिही, हा पोरगा दोन माणसांचं जेवतो. भूत इतकं खात नाही."

सही: एल्दियार, किमबातचा मुलगा. लेना नदीकाठचा तळ, मार्च २००८.

ता. क. तेल महागलंय, कळलं. हे पैसे पोस्टातून स्वतः मोजून घ्या, आणि घेताना आवांना शेजारी उभं करा. मेलेली माणसं घरी पैसे पाठवत नाहीत, एजे. सोबत आठ हजार रूबल.