दिवाणजींचा पट्टा

अक्का,
कोणतंही जनावर प्रेमाने वश होतं, हे माझं मत आपल्या दिवाणजी कुत्र्याने काल अंगठ्यासकट चावलं. चूक माझीच. मी त्याच्या डोक्यावर हात नेला, आणि वरून आलेल्या हाताचा त्याने आजवर मारच खाल्लाय.

मी पुण्याला दवाखान्यात कुत्रं चावल्याची इंजेक्शनं घ्यायला निघालोय. डॉक्टर म्हणाले, "परतीचं तिकीट आत्ताच काढू नका."

मंगळवारी लोणावळ्यात बिनपट्ट्याच्या कुत्र्यांना गोळ्या घालणार आहेत. पट्टा खुंटीला आहे. कुत्र्याकडे पाठ करून बस, तळहातावर भाकरी धर. तो आपणहून टेकला, की हनुवटीखालून पट्टा बांध. "तुझ्यापेक्षा कुत्रं बरं," म्हणतेस ना? आता बघच.

बांधलास की साधं कार्ड टाक. तार नको, तिथले रोगी उगाच दचकतात.

गोपाळ