घरात एक म्हातारा पुरे

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागले की ठकी शेजारी येऊन बसते आणि मी ठेवल्यावर माझं कुठे चुकलं ते सांगते. विषय तिचाच आहे, म्हणून कागद काढला.

साथीमुळे शाळा बंद झाली तेव्हापासून या पोरीला मोठ्या माणसांशिवाय कुणी दिसलेलंच नाही. परिणाम असा, की पाच वर्षांची पोर पासष्टची झाली आहे. सकाळी उठून सासऱ्यांना झोप लागली का विचारते. जिना चढताना कमरेवर हात ठेवते. परवा दूधवाल्याला म्हणाली, की हल्ली दूध पूर्वीसारखं राहिलं नाही. मी खूप हसले आणि मग आत जाऊन डोळे पुसले.

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंचा टिल्लू तिच्याच वयाचा. दोघांना गच्चीवर तासभर खेळू द्यावं, असं बाई म्हणतात. पण हे लॅबमध्ये दिवसभर त्याच आजाराचे नमुने तपासतात. खेळाचं नाव काढलं की पांढरेफटक पडतात. त्यात सासऱ्यांची छाती नाजूक. ह्यांचं म्हणणं, एकटेपणाने कुणी मरत नाही. मी म्हटलं, वाढतही नाही. तेव्हापासून अबोला आहे. तू शिक्षिका, आता तूच सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

१९ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी म्हातारी मला पाठवून दे, आमच्या शिक्षकांच्या खोलीत शोभेल. माझा वर्ग म्हणजे पडद्यावरच्या चौकटी. एका कारट्याने आठवडाभर स्वतःच्या जागी स्वतःचा फोटो लावून ठेवला होता आणि मी त्याच्या शांतपणाचं कौतुक करत होते!

खरं सांगू? मुलं माझ्याकडून अक्षरं शिकतात. बाकी सगळं मधल्या सुट्टीत. रुसणं, कट्टी, बट्टी, दुसऱ्याच्या डब्यात हात घालणं. ते मला पडद्यावरून शिकवता येत नाही. पण नवऱ्याला भित्रा म्हणू नकोस. तो रोज जे बघतो ते आपण बघत नाही. आणि तुम्ही दोघं ज्यांच्या छातीवरून भांडताय, त्यांना कुणी विचारलंत का?

जपून राहा, आणि आधी अबोला सोड.
तुझी ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. सासरे आधी भडकले, की इतके दिवस मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग जाहीर केलं, की मागच्या खोलीला वेगळं दार आहे, मी तिकडे राहतो, ठकीशी खिडकीतून बोलेन. घरात एक म्हातारा पुरे. ह्यांनी अटी घातल्या: गच्चीतच, मास्क लावून, आणि हे स्वतः सॅनिटायझर घेऊन जिन्यात पहाऱ्याला.

पहिला दिवस बघायला तू हवी होतीस. दोघं दोन टोकांना उभी. ठकीने तब्येत कशी आहे विचारलं. टिल्लूने आधी हात वर केला आणि मग तिचा आवाज येत नाही म्हणाला. बाई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. मग टिल्लूने पाण्याची नळी उचलली. ठकी म्हणाली, ती माझी. ओढाओढी झाली, वेणी ओढली गेली, दोघं पडली, मास्क कुठल्या कुठे! आम्ही पोचेपर्यंत दोघं एकमेकांना मिठी मारून भोकाड पसरत होती. हे बाटली घेऊन धावले आणि मध्येच थांबले. नुसतं बाटलीचं झाकण लावलं.

पुढचे दिवस मी सासऱ्यांच्या प्रत्येक शिंकेला दचकत काढले. देवाच्या दयेने सगळे ठणठणीत आहेत.

काल सासऱ्यांनी खिडकीतून ठकीला गप्पांना हाक मारली. ती उलटे बूट घालत होती. म्हणाली, आज वेळ नाही, टिल्लूशी भांडण अर्धं राहिलंय. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी चहा घेऊन गेले. तर ते खुर्ची खिडकीशी ओढून बसले होते. मला गप्प राहायची खूण केली, आणि गच्चीवरचा आरडाओरडा ऐकत राहिले.

आशीर्वाद असेच येऊ देत.
तुझी,
धाकटी